हवा संपेपर्यंत हात वर

काका माझ्या कानांवर भाळले आणि मला खोली मिळाली. यात माझं कर्तृत्व काही नाही. सिंगापूरमध्ये भाड्याची खोली शोधणाऱ्या मुलीला घरमालक काय काय विचारतात ते मला माहीत होतं. नोकरी कुठे, पास कुठला, स्वयंपाक करणार का, फोडणी देणार का, मित्रमंडळी येणार का. हार्बरफ्रंटच्या एका शिपिंग कंपनीत नोकरी, एम्प्लॉयमेंट पास, फोडणी देणार पण खिडकी उघडून, अशी उत्तरं मी एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोतच, पाठ करून ठेवली होती. काकांनी यातलं एकही विचारलं नाही. त्यांनी मला घरामागच्या अंगणात नेलं, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं आणि म्हणाले, "जरा बस. काय काय ऐकू येतं ते सांग."

मला वाटलं, पहिल्याच भेटीत हे मला ध्यानाला बसवतायत. समोर एक छोटा पोहण्याचा तलाव होता, कडेला पपईचं झाड आणि मागे एक कमरेएवढी भिंत. म्हटलं, खोली चांगली आहे, बसू या. डोळे मिटले आणि प्रामाणिकपणे सांगितलं की शेजारचा कुत्रा, वरून जाणारं विमान, घरात कुणीतरी कांदा चिरतंय, आणि त्या भिंतीमागे एक मोटर चालू आहे, ती मधूनच अडखळते. कांदा चिरणाऱ्या काकू खिडकीतून डोकावल्या. काका उठून भिंतीमागे गेले, पंपाच्या अंगावर तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा तळहात ठेवून थोडा वेळ उभे राहिले आणि परत येऊन म्हणाले, "सामान कधी आणतेस?"

माझ्याआधी रॅफल्स प्लेसमधला एक बँकवाला टाय लावून खोली बघून गेला होता. त्याला फक्त विमान ऐकू आलं होतं म्हणे.

काका मूळचे सोलापूरचे. सगळी नोकरी तुआसच्या कारखान्यांमध्ये बॉयलर आणि दाबाच्या टाक्या तपासण्यात गेली. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी जगाकडे बघण्याची त्यांची नजर तीच राहिली होती. जगात दोनच प्रकारच्या वस्तू आहेत असं त्यांचं मत होतं, दाब असलेल्या आणि दाब नसलेल्या. सोड्याची बाटली, सायकलची ट्यूब, सासूबाई आणि कुकर या पहिल्या प्रकारात. कुकरची शिट्टी चमच्याने उचलून वाफ सोडायची त्या घरात कुणाची हिंमत नव्हती. भूक कितीही लागो, कुकर आपणहून निवेपर्यंत सगळे ताटं घेऊन बसून राहायचे. "दाबाला नातं कळत नाही," काका म्हणायचे. काकू चिडल्या तरी त्यांचं धोरण हेच. समजूत घालायला जायचं नाही, आधी हवा जाऊ द्यायची, मग झाकणाला हात लावायचा. काकू म्हणायच्या, एवढं कळतं तर हवा भरताच कशाला.

तुआसहून त्यांनी आणखी एक गोष्ट घरी आणली होती, ती म्हणजे लाल पाटी. कारखान्यात यंत्र दुरुस्त करताना बटणाला कुलूप घालून वर पाटी लावतात, म्हणजे दुसऱ्या कुणी चुकून यंत्र चालू करू नये. काकांची पाटी मराठीत होती आणि त्यांच्या अक्षरात लिहिलेली होती. "हात लावू नये. माणूस काम करत आहे." मिक्सरचं भांडं धुताना ती मिक्सरवर असायची, पंखा पुसताना पंख्याच्या बटणावर. एकदा मी ऑफिसला जायच्या गडबडीत होते आणि न्हाणीघराच्या कडीला ती पाटी लटकलेली. आत काका दाढी करत होते.

पण त्या पाटीची खरी जागा तलावामागच्या भिंतीपलीकडे, फिल्टरजवळ.

आता तलावाचं सांगते. घर घेतलं तेव्हा तो घरासोबतच आला. काका स्वतः त्यात कधी उतरले नाहीत. पाणी हंड्यात भरून वर झाकण ठेवायची वस्तू आहे, त्यात माणसाने शिरायचं नसतं, हा त्यांचा सोलापुरी बाणा. काकू मात्र वाईच्या, कृष्णेच्या घाटावरून उड्या मारत वाढलेल्या. गुडघे गेल्यावर डॉक्टरांनी त्यांना पोहा म्हणून सांगितलं आणि तेव्हापासून त्या रोज सकाळी, कुकर लावायच्या आधी, कोपरापर्यंत बाह्यांचा आणि गुडघ्यापर्यंत पायांचा निळा पोशाख घालून पाण्यात उतरायच्या. जमिनीवर कठडा धरून चालणाऱ्या काकू पाण्यात सोळा वर्षांच्या व्हायच्या. चार दिवस पोहणं चुकलं की जिना चढता येत नसे, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे. काकूंना पाण्यातलं सगळं यायचं आणि काकांना पाण्याबाहेरचं. त्या पोहायच्या, हे पाणी राखायचे. चाळीस वर्षांच्या संसारात दोघांनी मिळून केलेली ही एकच गोष्ट मला दिसली. बाकी सगळं भांडून.

त्यांची मुलगी जवळच्याच एका कॉन्डोत, म्हणजे बंदिस्त सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये, राहायची आणि दर भेटीत तोच विषय काढायची. बाबांचं वय झालं, फिल्टर उघडणं हे दाबाचं काम, कधीतरी झाकण तोंडावर उडेल. एकदा जरी काही गडबड झाली तरी तलाव बुजवायचा, घर विकायचं आणि दोघांनी तिच्या कॉन्डोत यायचं, तिथेही स्विमिंग पूल आहे आणि कुणाला कशाला हात लावावा लागत नाही. काका ऐकून घ्यायचे. मुलगी गेली की म्हणायचे, "दुसऱ्याने उघडलेल्या फिल्टरच्या पाण्यात मी हिला सोडणार नाही." आणि काकूंना कॉन्डोतल्या अर्ध्या गावासमोर निळा पोशाख घालून उतरायचं नव्हतं. तेव्हा त्या घराचं सगळं भवितव्य एका झाकणावर येऊन ठेपलं होतं. ते नीट उघडलं जाणं आवश्यक होतं.

रविवारआड ते उघडलं जायचं. काकांचा त्या दिवशीचा वेष म्हणजे बनियन, अर्धी चड्डी, डोळ्यांना कारखान्यातला जाड चष्मा आणि पायांत लोखंडी टोपीचे बूट. आधी पंप बंद. मग पेटीतलं बटण बंद, त्याला कुलूप, किल्ली करगोट्याला, पाटी बटणावर. फिल्टर म्हणजे एक उभं पिंप असतं. त्याच्या झाकणावर दाबाचा काटा आणि हवा सोडायची एक छोटी चावी, आणि झाकण व पिंप यांना आवळून धरणारा लोखंडी पट्टा. चावी फिरवली की आतली कोंडलेली हवा सूं करत बाहेर पडते. ती पुरती जाईपर्यंत पट्ट्याच्या नटाला पाना लावायचा नाही. लावला तर झाकण तोफगोळ्यासारखं उडतं, आणि मध्ये कुणाची हनुवटी आली तर तीही सोबत नेतं.

यात माझी नेमणूक होती. भिंतीला टेकून, झाकणापासून लांब, पण काकांना दिसेन असं मी उभं राहायचं. उजवा हात वर. आवाज चालू आहे तोवर हात वर, आवाज संपला की खाली. बोलायचं नाही. "बोललं की कान बिघडतो," काका म्हणायचे. काटा शून्यावर येतो ते त्यांना पुरेसं नव्हतं. काटे अडकतात, खोटं बोलतात, काटा आणि कान दोघांनी साक्ष दिली तरच पाना. मी पुण्याची, अभियांत्रिकी शिकलेली, वरिष्ठ हुद्द्यावरची बाई, आणि रविवारी सकाळी शाळेत बाई विचारतील म्हणून हात वर करून उभ्या राहिलेल्या मुलीसारखी उभी. शेजारचे चिनी अंकल कुंपणाच्या भिंतीवरून सगळा सोहळा बघायचे. एकदा त्यांनी काकूंना तिथल्या सिंगापुरी इंग्रजीत गंभीरपणे विचारलं, "ऑन्टी, एव्हरी टू वीक शी टेक ओथ, आह?"

हात खाली आला की मग काका पट्टा सोडवायचे, झाकण उचलायचे, आतलं घड्या घड्यांचं नळकांडं बाहेर काढून एकेक घडी पाण्याच्या धारेने धुवायचे. झाकणाखालच्या रबरी रिंगला बोटाने मलम लावायचे. ते मलमही ठरलेलंच. काकूंनी एकदा मदत म्हणून त्या रिंगला खोबरेल तेल चोळलं होतं. ती कथा मला तीन वेगवेगळ्या प्रसंगी ऐकवण्यात आली आणि प्रत्येक वेळी काकू उठून आत गेल्या.

सगळं परत बसवून पंप चालू करताना तर आणखी कडक बंदोबस्त. तेव्हा हवेची चावी उघडी ठेवायची आणि सगळ्यांनी पपईमागे जायचं. सगळ्यांनी म्हणजे जो कुणी घरात असेल त्याने. एकदा पाहुणे पोह्यांच्या बशा घेऊन पपईमागे उभे होते. चावीतून आधी हवा, मग फुरफुर, मग सरळ पाण्याची धार आली की काका लांब हात करून चावी बंद करायचे आणि म्हणायचे, "आणखी थोडं." आता कशासाठी आणखी थोडं, हे कुणालाच माहीत नसे. काकू निळा पोशाख घालून, खांद्यावर टॉवेल टाकून, त्या आणखी थोड्यात उभ्या असायच्या. सुरुवातीला मी त्यांना विचारलं होतं की तुम्ही थांबता कशाला. त्या म्हणाल्या, लग्न झाल्यापासून थांबतेच आहे, आता पाण्यासाठी काय.

काकांच्या आणखी सवयी सांगते. हल्लीची मुलं ओठांतल्या ओठांत बोलतात अशी त्यांची तक्रार होती. फोन ते घेत नसत, माणसाने समोर येऊन बोलावं म्हणत. जेवायला कायम एकाच खुर्चीवर, जिथून सगळ्यांची तोंडं दिसतात. लॅपटॉपवर विनोदी नाटक लावलं की आम्ही हसायचो, मग ते आमच्याकडे बघून हसायचे आणि आमच्यापेक्षा जास्त वेळ हसायचे. मला हे सगळं त्यांच्या विक्षिप्तपणाच्या खात्यात जमा करावंसं वाटलं. एवढ्या लोखंडी बुटांत या बारीक गोष्टी कुणाच्या लक्षात येणार.

आणि मग त्या वर्षीचे गणपती आले.

काकांच्या घरी दीड दिवसाचा गणपती मुलगी-जावई बसवायचे आणि विसर्जन मागच्या अंगणात, मोठ्या बादलीत. काकांचा नियमच होता, बाप्पा बादलीत. जावई बँकेत मोठा अधिकारी, स्वभावाने अतिशय गोड. त्या वर्षी त्याने पुण्याहून शाडूची मूर्ती आणली, विमानात मांडीवर घेऊन. आरती झाली, सगळे अंगणात आले, काकूंनी बादली भरून ठेवलेली, आणि जावयाने बादलीकडे बघितलं, मग तलावाकडे बघितलं. "बाबा, एवढा तलाव असताना बाप्पाला बादलीत?"

काका म्हणाले, "शाडू आहे."

जावयाला वाटलं, मूर्तीचं कौतुक चाललंय. तो म्हणाला, हो, मुद्दाम शाडूचीच आणली, पाण्यात लगेच विरघळते. काका आणखी काही बोलणार होते, पण दोन डझन मंडळी टाळ्या पिटायला लागली होती आणि जावई म्हणजे दहावा ग्रह. त्याला सगळ्यांसमोर नाही म्हणायची रीत आपल्यात नाही. जावई पायऱ्या उतरून कमरेएवढ्या पाण्यात गेला, तीनदा मूर्ती बुडवली आणि सोडली. "पुढच्या वर्षी लवकर या"च्या गजरात काका एकटेच भिंतीपलीकडे बघत होते. पाच वर्षांची नात काठावर वाकून म्हणाली, "आजोबा, बाप्पा ऑलरेडी मेल्ट लाह."

सकाळपर्यंत पंपाने आपलं काम केलं होतं. तलावाला दुधाळ चहाचा रंग आला होता आणि उरलेला बाप्पा फिल्टरच्या घड्यांमध्ये जाऊन बसला होता. काकू टॉवेल घेऊन खाली आल्या, पाणी बघितलं आणि काही न बोलता परत वर गेल्या. ते न बोलणं काकांना लागलं असणार. रविवारपर्यंत थांबणं शक्य नव्हतं. तो होता कामाचा दिवस, मी माझ्या वरच्या खोलीत बसून, लॅपटॉपचा कॅमेरा चालू ठेवून, ऑफिसची मीटिंग ऐकत होते, आणि अपराधी चेहऱ्याचा जावई म्हणाला, बाबा, मी मदत करतो.

माझ्या खोलीची खिडकी अंगणावर उघडायची. खाली सगळं नेहमीसारखं चाललं होतं. बूट, चष्मा, कुलूप, पाटी. जावई माझ्या जागेवर भिंतीला टेकून उजवा हात वर करून उभा. काकांनी चावी फिरवली. सूं. माझा एक कान मीटिंगमध्ये, जिथे आमचे साहेब काहीतरी विचारत होते, आणि एक कान सवयीने खाली. आवाज नेहमीपेक्षा बारीक होता आणि संपत नव्हता. मातीने चावीचं भोक अर्धं बुजलं असणार.

तेवढ्यात नात खिरापतीची वाटी घेऊन अंगणात आली. तिने वाटी बापापुढे धरली. आता खिरापत म्हणजे प्रसाद, आणि प्रसाद डाव्या हाताने घ्यायचा नसतो हे त्या सज्जन माणसाला त्याच्या आईने लहानपणीच शिकवलेलं. त्याने उजवा हात खाली घेतला, ओंजळ केली, प्रसाद घेतला, डोळ्यांना लावला.

काकांनी हात खाली आलेला बघितला. काट्याकडे बघितलं. काटा शून्यावर होता, कारण त्याच्याही भोकात शाडू बसला होता. त्यांनी पाना नटाला लावला आणि झाकणावर वाकले.

सूं चालूच होती. मला वरच्या मजल्यावर ऐकू येत होती आणि त्यांना हातभर अंतरावर नाही. त्या एका क्षणात मला सगळं कळलं. माझी खोली, माझी खुर्ची, कांदा, विमान, वर धरलेला हात, नाटकातलं उशिराचं हसू. मी ओरडले. अर्थातच त्याचा उपयोग नव्हता. टेबलावर पाण्याची भरलेली बाटली होती ती उचलून खिडकीतून तलावात फेकली. ती बरोबर त्यांच्या मागे पडली, शाडूचं पाणी त्यांच्या बनियनभर उडालं, आणि ते दचकून वर बघायला लागले. मी उजवा हात वर केला, जेवढा वर जाईल तेवढा.

काकांनी पाना काढला. दोन पावलं मागे झाले. आणि मग ते फक्त माझ्या हाताकडे बघत राहिले, जावई त्यांच्याकडे बघत राहिला, नात वाटीकडे. मी हात धरून उभी. आवाज संपायला फार वेळ लागला. मध्ये लॅपटॉपमधून साहेबांचा आवाज आला, "एक्सलंट, थँक यू," तरी मी हात खाली घेतला नाही. सूं बारीक होत होत थांबली, मी आणखी थोडं थांबले, आणि मग हात खाली घेतला. साहेबांनी काय विचारलं होतं ते मला दुपारी ईमेलवरून कळलं. तुआसच्या नव्या गोदामाची जबाबदारी कोण घेईल, असं ते विचारत होते.

खाली जावई काकांना विचारत होता की काय झालं. काका म्हणाले, काही नाही, बाप्पांना निघायला उशीर झाला. मग त्यांनी झाकण काढलं, घड्यांमधून बाप्पा धारेने सोडवले आणि ती सगळी माती खाली ठेवलेल्या भांड्यात गोळा करून जास्वंदीच्या मुळाशी ओतली. भांडं म्हणजे काकूंनी आदल्या दिवशी भरून ठेवलेली तीच बादली.

संध्याकाळी काका जिना चढून माझ्या दाराशी आले. याआधी ते कधी तिथे आले नव्हते. माझी बाटली धुऊन आणली होती.

"कळलं ना तुला?"

मी मान हलवली. मग सुचलं की हेच बरं, मान तरी दिसते.

"बॉयलरपाशी आयुष्य गेलं," ते म्हणाले. "माणसं समोर असली की अजून ऐकू येतात. हवा ऐकू येत नाही. कानाला यंत्र लावलं की हिला कळेल, हिला कळलं की पोरीला कळेल, आणि मग ते कॉन्डो. हिच्या गुडघ्यांचं काय होईल सांग. हिला बोलू नकोस."

मी कबूल केलं. ते जिना उतरले, आणि तासाभराने काकू उरलेले दोन मोदक घेऊन कठडा धरत वर आल्या. पोहणं बुडाल्यामुळे त्या दिवशी त्यांना एकेक पायरी जड जात होती. बसल्या, श्वास घेतला, आणि म्हणाल्या, "त्यांनी तुला सांगू नकोस म्हटलं असेल."

मी मोदक खायला लागले. तोंड भरलेलं असलं की खोटं बोलावं लागत नाही.

"त्यांचे कान गेलेत हे त्यांच्याआधी मला कळलं. तुझ्याआधीची मुलगी कानात ती गाण्यांची पांढरी बोंडं घालून फिरायची. मीच तिला दुसरीकडे खोली बघून दिली. मला ठाऊक आहे हे त्यांना सांगू नकोस हं. त्यांना वाटू दे. ते पाणी सोडलं तर त्या माणसाला दुसरं आहे काय?"

मला भयंकर राग आला. दोघं म्हातारे एकमेकांना सांभाळण्यासाठी एकमेकांना फसवणार, आणि मध्ये मी, त्यांचं टपालखातं. एक म्हणतो तिला सांगू नकोस, दुसरी म्हणते त्यांना सांगू नकोस. दोघांचे हात धरून समोरासमोर बसवावं असं वाटलं. पण मग रविवार आला, मी खाली जाऊन हात वर केला, काका माझ्याकडे बघत होते, खिडकीतून काकू काकांकडे बघत होत्या, आणि दोघांच्या तोंडावर इतका शांत भाव होता की माझं धाडस झालं नाही. माया होती माझी त्यांच्यावर.

त्यानंतर एक बदल मात्र मी केला. काटा नवा बसवून घेतला आणि हवेची चावीही नवी. काकांनी विरोध केला नाही. फक्त जुना काटा त्यांनी मुलीच्या नजरेला पडू नये म्हणून तांदळाच्या डब्यात ठेवला. तो पुढच्याच आठवड्यात काकूंना सापडला आणि त्यांनी तो परत तिथेच ठेवला.

पण मीटिंगमध्ये वर केलेला हात परत घेता येत नाही. तुआसचं गोदाम माझ्या गळ्यात पडलं ते पडलंच. काकांचं घर बेटाच्या एका टोकाला आणि तुआस दुसऱ्या, रोजचं जाणं-येणं जमेना, तेव्हा मला पश्चिमेकडे खोली बघावी लागली. मी सांगितलं तेव्हा काका म्हणाले, तुआस चांगलं आहे, कानात बोळे घालत जा. आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी अंगणात ती प्लास्टिकची खुर्ची मांडली.

खोली बघायला बरेच जण येऊन गेले. एका मुलीला पक्ष्यांचे आवाज ऐकू आले, ती पक्ष्यांवरच बोलत राहिली. एका मुलाने डोळे मिटले आणि झोपला. एक जण चांगला होता, त्याला मोटर ऐकू आली, पण तो म्हणाला की अंकल, हा आवाज बंद करता येईल का. मुलगी म्हणाली, आता कंत्राटदार बोलवू, महिन्यातून दोनदा माणूस येईल, बटण दाबून जाईल. या वेळी काका मुलगी गेल्यावरही काही बोलले नाहीत. मला निघायचं होतं त्याच्या आधीच्या रविवारी त्यांनी बूट घातले तेव्हा ते बराच वेळ नाडीच बांधत होते.

मी खाली आले. काकू त्या दिवशी आधीच पोहून घेत होत्या. पंप बंद व्हायच्या आत बाहेर येतील असं वाटलं, आल्याही, पण टॉवेल घेऊन पपईमागे गेल्या नाहीत. निथळत सरळ भिंतीपाशी आल्या, मला कोपराने हळूच बाजूला केलं, माझ्या जागेवर उभ्या राहिल्या आणि उजवा हात वर केला.

काकांचा हात चावीवर होता. त्यांनी मान वर केली आणि भिंतीपाशी मी नाही हे बघितलं. चष्मा काढून पुसला, परत घातला. "तू?" ते म्हणाले. काकूंनी हात आणखी ताठ केला. हवा सुटायच्या वेळी बोलायचं नाही हा काकांचाच नियम. काका त्यांच्याकडे बघत राहिले आणि मी बघितलं की त्यांना कळतंय. एकेक करून सगळं कळत होतं, ती मुलगी, ती बोंडं, माझी खोली, तांदळाचा डबा. मग त्यांनी नाक ओढलं आणि चावी फिरवली.

सूं सुरू झाली. काकूंच्या बाहीतून पाणी कोपरावर येऊन ठिबकत होतं. शेजारचे अंकल भिंतीवरून बघत होते, आज ऑन्टीची शपथ आहे असं त्यांना वाटलं असणार. आवाज बारीक झाला, आणखी बारीक झाला आणि थांबला. काटा शून्यावर आला. काकांनी पाना उचलला आणि काकूंच्या हाताकडे बघितलं.

हात वरच होता.

मी काकूंकडे बघितलं. हवा पुरती संपली होती, त्यांनाही ते ऐकू आलं होतं, त्यांच्या तोंडावरून दिसत होतं. काका पाना धरून थांबले. बनियन, अर्धी चड्डी आणि लोखंडी बूट घालून ते मुकाट उभे होते. शेवटी त्यांनी भुवया उंचावून विचारलं, अजून?

काकूंनी ओठ मोठे हलवून, त्यांना नीट वाचता येईल असं, आवाज न करता उत्तर दिलं.

"आणखी थोडं."